मुलासोबत 'अ ब्रिज टू फार' पाहावा का?

गोदाकाठ : माझा अकरावीतला मुलगा एनडीएच्या परीक्षेची तयारी करीत आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमध्ये फसलेल्या 'मार्केट गार्डन' या मित्रराष्ट्रांच्या हवाई मोहिमेवरचा (विमानांतून सैन्य उतरवून पूल ताब्यात घ्यायचे आणि रस्त्याने येणाऱ्या रणगाड्यांनी त्यांना गाठायचे) चित्रपट त्याला दाखवायचा आहे. तो दोन तासांहून अधिक बसत नाही आणि खर्च दोनशे रुपयांच्या आत हवा. रिचर्ड अॅटनबरो यांचा १९७७ चा 'अ ब्रिज टू फार' योग्य ठरेल का?

सह्यकडा : अवश्य दाखवा, आणि चांगली डिस्क विकतच घ्या. मी घेतलेल्या स्वस्त डिस्कमध्ये सबटायटल्स नव्हती, त्यामुळे जर्मन सेनापतींचे जर्मन संवाद कळलेच नाहीत. लांबी जवळपास तीन तास आहे, पण एकही प्रसंग गाळू नये.

आइंडहोवनकर : मी याच भागात राहतो. मोहिमेचे शेवटचे लक्ष्य असलेल्या आर्नहेमच्या पुलाला आता तिथे लढलेले ब्रिटिश अधिकारी जॉन फ्रॉस्ट यांचे नाव आहे; चित्रपटातला पूल मात्र डेव्हेंटरचा आहे. मुलाला इकडेच आणा आणि आर्नहेमजवळच्या उस्टरबेकचे हार्टेनस्टाइन संग्रहालय दाखवा. चित्रपटापेक्षा ते कितीतरी अधिक शिकवते.

रणवाचक : चित्रपट सगळा ठपका हवाई सैन्याचे ब्रिटिश सेनापती ब्राउनिंग यांच्यावर ठेवतो आणि ज्यांची ही योजना होती ते ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी पडद्यावर येतच नाहीत, हे मला अन्यायकारक वाटते. विमाने अपुरी असल्यामुळे सैन्य एकाच दिवशी उतरवता आले नाही, विमानविरोधी तोफांच्या भीतीने उतरण्याची मैदाने पुलापासून दहा किलोमीटरहून दूर निवडली गेली आणि त्यात बिनतारी संचांनी दगा दिला. एवढे सगळे एका माणसाचे पाप कसे ठरेल?

सह्यकडा : ब्राउनिंग यांची बाजू मला पटत नाही. आर्नहेमजवळ जर्मन रणगाडे असल्याचा इशारा त्यांच्याच गुप्तवार्ता अधिकाऱ्याने दिला होता आणि त्यालाच आजारपणाच्या रजेवर पाठवण्यात आले. फ्रॉस्ट यांच्या सुमारे ७४० सैनिकांनी पुलाचे उत्तर टोक तीन दिवसांहून अधिक धरून ठेवले, तरीही एकाच अरुंद रस्त्याने येणारे मित्रराष्ट्रांचे रणगाडे त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. तुमच्या मुलाने नेमके हेच पाहावे.

जुनीरिळे : वर सांगितल्याप्रमाणे डिस्कच घ्या. १९४६ चा 'देअर्स इज द ग्लोरी' हाही एक चित्रपट आहे. तो दीड तासाच्या आत संपतो आणि आर्नहेमच्या भग्नावशेषांत, तिथे प्रत्यक्ष लढलेल्या सैनिकांनाच घेऊन चित्रित झाला आहे. पण तो कृष्णधवल आहे आणि त्यात एकही प्रसिद्ध नट नाही, म्हणून मी सुचवणार नाही.

रणवाचक : सहमत. आजच्या मुलांना तो कंटाळवाणा वाटेल.

गोदाकाठ : सर्वांचे आभार. आम्ही १९४६ चाच चित्रपट आधी पाहणार आहोत. आर्नहेमला दहा हजारांहून अधिक सैनिक उतरले आणि ऱ्हाइन ओलांडून सुमारे २,४०० च परतले, ही गोष्ट त्याने त्या परतलेल्यांच्याच चेहऱ्यांतून पाहावी असे मला वाटते. अॅटनबरो यांचा चित्रपट परीक्षेनंतर पाहू.