'न्यूट्रल' रंगांना मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल:
एका दिवाळी अंकासाठी घरसजावटीवरचा इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. दिवाणखान्याची रंगसंगती हा विषय. भिंती सायीच्या रंगाच्या, सोफ्याला करडं कापड, खाली न रंगवलेल्या लोकरीचा गालिचा, लाकूड आहे तसंच ठेवलेलं. या सगळ्यांना मिळून इंग्रजीत 'न्यूट्रल' हा एक शब्द पुरतो. मी 'तटस्थ रंग' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'उदासीन रंग' केलं, पाठ्यपुस्तकात तसं आहे म्हणून. दिवाळीच्या अंकात 'दिवाणखाना उदासीन रंगांत सजवा' असं छापून येणार या विचारानेच जीव कासावीस होतोय. सासूबाई म्हणतात, सरळ 'मळखाऊ' लिही. मजकूर सोमवारी द्यायचा आहे. जाणकारांनी मदत करावी.

उंबरठा:
'तटस्थ' नको. तटस्थ माणूस लागतो तो दोन पक्ष असतील तिथे. भिंतीच्या रंगाला कुठला पक्ष?

पाटीपेन्सिल:
पण शाळेच्या विज्ञानात वीजयुक्त तार, तटस्थ तार, भूसंपर्क तार असं शिकलोच की आपण. तारेला चालतं तर भिंतीला का नाही?

पेठकरी:
संपादकांचं बरोबर आहे आणि मी त्यांच्या बाजूने ठामपणे उभा आहे. उदासीन म्हणजे उद् + आसीन, बाजूला बसलेला. गीतेच्या नवव्या अध्यायात 'उदासीनवदासीनम्' आहे, तिथे भगवंत दुःखी बसलेले नाहीत. कौटिल्याच्या राजमंडलात मित्र, शत्रू, मध्यम यांच्याबरोबर उदासीन राजाही येतो, आणि तो चांगला बलवान असतो. आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर होतं ते उदासिनीकरण, हे प्रत्येक मराठी शाळेतल्या मुलाला ठाऊक आहे. 'खिन्न' हा अर्थ आपण नंतर चिकटवला. शब्द वापरत राहिलो की मूळ अर्थ परत येतो. सावरकरांनी दिलेला 'महापौर' म्हणताना आज कुणाची जीभ अडखळते?

निळाई:
मी इंटिरिअरची कामं करते, म्हणून साइटवर काय बोलतात ते सांगते. रंगारी म्हणतात ऑफव्हाईट, क्रीम, बिस्कीट, सिमेंट कलर. घरमालक म्हणतात 'लाईट दाखवा' नाहीतर 'सोबर काहीतरी'. उदासीन म्हटलं तर शेडकार्ड मिटून ठेवतील.

पण 'लाईट' म्हणजे न्यूट्रल नव्हे, म्हणून 'फिकट' किंवा 'सौम्य' हे पर्यायही पाटीपेन्सिल यांनी घेऊ नयेत. फिकट गुलाबी न्यूट्रल नाही. कोळशासारखा काळा आणि गडद तपकिरी मात्र न्यूट्रलमध्ये धरतात. काटेकोर बघितलं तर पांढरा, काळा आणि त्यांच्या मधले राखाडी एवढेच खरे न्यूट्रल. सजावटीत त्यात क्रीम, बेज, मातकट, तपकिरी हेही घेतात. ते इतर कुठल्याही रंगाशी भांडत नाहीत, एवढाच त्यांचा सामाईक गुण.

आणि एक शब्द मराठीत उत्तम आहे, त्याकडे लक्ष वेधते: झाक. इंग्रजी लेखात 'अंडरटोन' आला असेल तिथे बिनधास्त 'झाक' लिहा. न्यूट्रल रंगांचं सगळं काम झाकेवर चालतं. सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटच्या हॉलला फक्त उत्तरेचा उजेड होता. शेडकार्डावर निव्वळ करडा दिसणारा रंग भिंतीवर निळसर झाक मारायला लागला. वर ६५०० केल्व्हिनची पांढरीशुभ्र ट्यूब, त्यामुळे संध्याकाळीही तेच. २७०० केल्व्हिनचे पिवळसर दिवे लावले आणि त्याच भिंतीला ऊब आली. म्हणून मी आधी दोन बाय दोन फुटांचा पट्टा लावते आणि सकाळी, दुपारी, रात्री तिन्ही वेळा बघायला सांगते.

चिंचोका:
'झाक'ला +१. पण 'मळखाऊ' इतक्या सहज बाजूला टाकू नका. सासूबाईंचा कान पक्का आहे. माझी आजी लक्ष्मी रोडवर रोजच्या वापराचं लुगडं घ्यायला जायची तेव्हा तिची पहिली मागणी 'मळखाऊ दाखवा' हीच. त्यात मातकट, तपकिरी, करडा, गडद आमसुली सगळं यायचं. रोज वापरणाऱ्या बाईने रंगांना दिलेलं नाव आहे ते.

निळाई:
पण सायीच्या रंगाची भिंत मळखाऊ कशी? तिच्यावर तर मुलांच्या हाताचा एकेक ठसा दिसतो. न्यूट्रलमधला अर्धा भाग तुमच्या शब्दाच्या बाहेर राहतो.

चिंचोका:
मान्य. मग 'कोरा' घ्या. फ्रेंच 'बेज' म्हणजे मुळात न रंगवलेल्या लोकरीचं कापड. आपल्याकडे तेच घोंगडीचं. मेंढीच्या अंगावर जो रंग तोच घोंगडीचा. आमच्या घरच्या घोंगडीला सुरुवातीला चिंचोक्याच्या खळीचा असा कडकपणा होता की ती घडी करून ठेवली तर कोपऱ्यात आपली आपण उभी राहायची. लांबून काळी दिसते, पण उजेडात धरली की लोकरीची टोकं तांबूस. उन्हाने मेंढीच्या अंगावरच ती तशी पडतात. असे रंग म्हणजे कोरे रंग, अंगचे रंग.

सुतारपक्षी:
'अंगचे रंग' आवडलं, पण 'कोरा रंग' म्हणाल तर वाचक डबा न उघडलेला रंग समजेल. कोरा चहा, कोरं कापड, कोरा कागद या सगळ्यांत काहीतरी व्हायचं राहिलंय असा भाव आहे.

माझं म्हणणं वेगळंच आहे. छत्रीशब्द हवाच कशाला? मराठी रंगाला वस्तूचं नाव देते. तपकिरीवरून तपकिरी, राखेवरून राखाडी, शिवाय मोतिया, बदामी, हस्तिदंती, गव्हाळ, विटकरी. 'मोतिया भिंती, बदामी पडदे, राखाडी सोफा' लिहा, वाचकाच्या डोळ्यांसमोर खोली उभी राहते. 'न्यूट्रल' लिहून ती राहत नाही, इंग्रजीतही नाही.

पाटीपेन्सिल:
पटतंय, पण लेखाचा मथळाच तो आहे. मथळ्यात सगळ्या रंगांची यादी कशी देऊ?

उंबरठा:
अवांतर वाटेल, पण मुद्द्याचं आहे. आमच्या वाड्यात भिंतींना 'रंग' देतच नसत. सफेदी करत. रंग म्हणजे दारं-खिडक्यांना ऑइलपेंट, आणि भिंतीला खाली गेरूचा पट्टा. दिवाळीआधी पत्र्याच्या पिंपात चुनकळ्या टाकून वर पाणी ओतलं की ते रटरट उकळायला लागायचं, आम्हा मुलांना लांब उभं करायचे. निवल्यावर त्यात नीळ आणि डिंक. तेव्हा पांढरी भिंत, शहाबादी फरशी, सागवानी खांब यांना कुणी रंगसंगती म्हटलं नाही. ज्याला रंग मानलंच नाही त्याचा गट करून नाव कशाला ठेवतील? त्यामुळे हा शब्द जुन्या मराठीत शोधून मिळायचा नाही.

पेठकरी:
मिळत नसेल तर घडवायचा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच भूमिकेतून. हाताशी संस्कृत असताना 'न्यूट्रल' जसाच्या तसा लिहिणं हा आळस आहे.

सुतारपक्षी:
त्या कोशानंतरही 'बाजार' आणि 'हजार' राहिलेच. पाटीपेन्सिल यांच्या वाक्यातला 'दिवाणखाना' तर अख्खा फारसी आहे, तो संपादकांना खटकला नाही. मग 'न्यूट्रल'नेच काय घोडं मारलंय?

पेठकरी:
दिवाणखाना रुळलेला आहे. शिवाय वन-बीएचकेच्या हॉलला दिवाणखाना म्हणणंही चूकच. वाड्यात दिवाणखाना बहुधा वरच्या मजल्यावर, पाहुण्यांच्या बैठकीचा. खाली ओसरी आणि माजघर. फ्लॅटमध्ये असते ती बैठकीची खोली.

निळाई:
पुण्यात कुणीही 'हॉल'च म्हणतं. 'बैठकीची खोली' मी फक्त छापलेली वाचली आहे.

उंबरठा:
आमच्याकडे अजून 'बाहेरची खोली' म्हणतात. कोथरूडला राहायला आलो तरी तेच.

चिंचोका:
'बाहेरची खोली'ला माझंही मत. आणि निळाई, तुम्ही वर करडा आणि राखाडी एकच धरलेत का? आमच्याकडे करड्यात जरा तपकिरी लागते. राखाडीत अजिबात नाही.

निळाई:
मी तरी एकच धरते. करडा म्हणजे ग्रे.

सुतारपक्षी:
एकच कसे? चुलीतली राख आणि करड्या घोड्याची पाठ शेजारी ठेवून बघा. राखाडीत निळसर झाक असते, करड्यात मातकट. लेखातला सोफा नक्की कुठला आहे, पाटीपेन्सिल? त्यावर शब्द ठरेल.

पेठकरी:
करडी नजर, करडी शिस्त यांतला 'करडा' कठोर या अर्थाचा. रंगाचा करडा तोच की वेगळा, हे आधी ठरू द्या, मग सोफ्याकडे वळू.