मितोमाची विद्यापीठातील चार वर्षे: फायदा की उशीर?

प्रश्न (रत्नागिरी):
नमस्कार. जपानचा फुटबॉलपटू, विंगर (मैदानाच्या कडेने आक्रमण करणारा) काओरू मितोमा याच्या कारकिर्दीबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. कावासाकी फ्रोंताले या जपानी क्लबच्या युवा संघात घडलेल्या या खेळाडूने 18व्या वर्षी क्लबचा व्यावसायिक करार नाकारून त्सुकुबा विद्यापीठात प्रवेश घेतला आणि व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिला हंगाम थेट 2020 मध्ये खेळला. माझा भाचाही विंगर आहे. बारावीनंतर त्याने गोव्यातील क्लबच्या चाचणीला जावे की पदवीला प्रवेश घ्यावा, यावर घरात रोज चर्चा होते आणि दोन्ही बाजू मितोमाचाच दाखला देतात. ती चार वर्षे त्याच्या खरोखर कामी आली का?

उत्तर १ (मालवण, शालेय संघाचा प्रशिक्षक):
माझ्या मते आली, परंतु ती खेळापासून दूर गेलेली वर्षे नव्हती, हे आधी घरी सांगा. प्रौढ खेळाडूंना टक्कर देण्याइतके आपले शरीर तयार नाही, असे त्याला वाटत होते. जपानमध्ये विद्यापीठांच्या स्वतंत्र लीग स्पर्धा असतात आणि तेथील संघ एम्परर्स कप या देशव्यापी बाद स्पर्धेत व्यावसायिक क्लबांविरुद्धही उतरतात. 2017 मध्ये त्सुकुबाने पहिल्या श्रेणीतील वेगाल्ता सेंदाईला हरवले तेव्हा दोन गोल मितोमाचे होते.

त्याचा प्रबंध ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवण्यावर, होता. सहकाऱ्यांच्या डोक्यावर कॅमेरे बसवून चेंडू घेताना कोण कोठे पाहतो, हे त्याने तपासले. चांगले ड्रिब्लर चेंडूकडे न पाहता समोरच्याकडे पाहतात, असे त्याला दिसले. आजही तो बचावपटूसमोर क्षणभर जवळजवळ थांबतो, त्याचा भार एका पायावर गेला की उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू पुढे ढकलतो आणि पहिल्या दोन पावलांतच निसटतो. आमची मुले लाल मातीच्या उंचसखल मैदानावर खेळतात, त्यामुळे त्यांची नजर चेंडूवरून हलत नाही. ती वर उचलायला शिकवणे हेच मला सर्वांत अवघड जाते.

उत्तर २ (अलिबाग):
वरील मताचा आदर राखून दुसरी बाजू मांडतो. ऑगस्ट 2021 मध्ये ब्रायटन या इंग्लिश क्लबने त्याला घेतले, परंतु इंग्लंडमध्ये काम करण्याचा परवाना न मिळाल्याने एक हंगाम बेल्जियममधील युनियन सेंट-गिलवाजकडे उसना जावे लागले आणि प्रीमियर लीगमध्ये पाऊल ठेवेपर्यंत तो 25 वर्षांचा झाला होता. विंगरचे सारे भांडवल वेगात असते, आणि 2024 च्या आरंभी पाठीच्या दुखापतीने त्याचा उरलेला हंगाम वाया गेला, हे पाहता उशिराची किंमत अगदीच नगण्य मानता येत नाही. अर्थात मार्च 2022 मध्ये सिडनीत बदली खेळाडू म्हणून येऊन अखेरच्या मिनिटांत केलेल्या दोन गोलांनी त्याने जपानला कतार विश्वचषकाची पात्रता मिळवून दिली, आणि तेथे स्पेनविरुद्ध मैदानाबाहेर जाता जाता जेमतेम आत ठेवून त्याने दिलेल्या चेंडूवर आओ तानाकाने विजयी गोल केला, हेही तितकेच खरे.

उत्तर ३ (मालवण, पुन्हा):
वयाचा मुद्दा मान्य आहे. तरीही 2020 मध्ये पहिल्याच हंगामात त्याने जपानच्या जे-लीगमध्ये 13 गोल केले आणि फ्रोंताले विजेता ठरला. एवढी तयारी 18व्या वर्षी झाली असती, असे मला वाटत नाही. भाच्याला चाचणीला अवश्य पाठवा. पदवीचा विचार करत असाल, तर त्या महाविद्यालयाचा संघ वर्षभरात किती सामने खेळतो आणि पावसाळ्यात सराव कोठे करतो, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.