‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ वाचताना : कोकणातील वाचकांचे अनुभव

सलमान रश्दी यांची ही कादंबरी सप्टेंबर १९८८ मध्ये प्रकाशित झाली आणि लगेच ऑक्टोबरमध्ये भारताने तिच्या आयातीवर बंदी घातली. त्या बंदीची अधिसूचनाच सरकारला सादर करता न आल्याने ती अस्तित्वात नाही असे नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गृहीत धरले, आणि त्यानंतर पुस्तक दिल्लीत विक्रीला आले. कादंबरीत इस्लामचा अवमान झाला, या आरोपावरून उठलेल्या वादाबद्दल आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे; प्रत्यक्ष वाचताना काय वाटले, ते येथे लिहावे.

रत्नागिरी, निवृत्त शिक्षिका

स्फोट झालेल्या विमानातून पडूनही जिब्रील फरिश्ता आणि सलादीन चमचा हे दोन भारतीय अभिनेते जिवंत राहतात. पुढे जिब्रीलभोवती तेजोवलय दिसू लागते, तर सलादीनला शिंगे फुटतात. येथेच मी अडखळले. नऊ भागांपैकी सम क्रमांकाचे भाग जिब्रीलच्या स्वप्नांचे आहेत, हे लक्षात आल्यावर मी आधी विषम भाग सलग वाचले आणि नंतर संपूर्ण पुस्तक मूळ क्रमाने वाचले. काहींना ही पद्धत पटणार नाही, पण नवख्या वाचकाला मी तीच सुचवेन.

श्रीवर्धन, गृहिणी

मी कोकणी मुसलमान. आमच्या घरातले पुरुष आधी जहाजांवर आणि पुढे आखातात नोकरीला गेले. जिब्रीलच्या स्वप्नातल्या जाहिलिया या शहरातील कुंटणखान्यातल्या स्त्रिया पैगंबरांच्या पत्नींची नावे धारण करतात, तो भाग मला पुरा वाचवला नाही. श्रद्धा गमावलेल्या, मन ढळलेल्या माणसाचे ते स्वप्न आहे, हे बुद्धीला पटते, पण तेवढ्याने माझे दुःख कमी होत नाही. तरीही जुलै १९९१ मध्ये या कादंबरीचे जपानी अनुवादक हितोशी इगाराशी यांची हत्या झाली, तसे काही माझ्या दुखावलेल्या भावनांच्या नावाने कोणी करावे, हे मला कदापि मान्य नाही. शेवटच्या भागात सलादीन मुंबईला मरणासन्न वडिलांकडे परततो आणि वर्षानुवर्षांचा दुरावा त्या थोड्या दिवसांत मिटतो. माझे अब्बा कुवेतहून कायमचे परतले, तेव्हा आम्ही भावंडे त्यांच्याशी परक्यासारखी वागलो होतो. ती पाने मला पुनःपुन्हा वाचावी लागली. इंग्लंडमध्ये सलादीनला माणसातून उठवणाऱ्या पोलिसांपेक्षाही हा बाप-लेकातला अबोला मला स्थलांतराचे खरे मोल वाटतो.

हर्णै, मासळी व्यावसायिक

अरबी समुद्र दुभंगेल आणि आपण मक्केला पायी जाऊ, या विश्वासाने, देवदूत आपल्याशी बोलतो असे सांगणाऱ्या आयेशा या तरुणीच्या मागून तितलीपूर गावचे लोक मुंबईच्या किनाऱ्यावर पाण्यात शिरतात. या कथेमागे १९८३ मध्ये कराचीजवळच्या हॉक्स बे येथे घडलेली घटना आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून गाऱ्हाणे घालणाऱ्या घरात मी वाढलो, त्यामुळे त्या यात्रेकरूंना खुळे ठरवणे मला जमले नाही. लेखकही तसे ठरवत नाही. त्यातून जिवंत राहिलेले लोक समुद्र दुभंगलेला पाहिल्याचे सांगतात. तो दिसला नाही तो एकट्या मिर्झा सईदला, म्हणजे या यात्रेवर विश्वास नसलेल्या गावच्या जमीनदाराला, आणि मरताना त्यालाही दिसतो. श्रद्धेची टर उडवणारे पुस्तक म्हणून जे गाजले, त्यात श्रद्धेला एवढी जागा आहे. हे प्रकरण इतरांनी कसे वाचले, ते समजून घ्यायची मला मनापासून इच्छा आहे.