नाकाचा पडदा वाकडा : शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न :
माझी उजवी नाकपुडी जवळजवळ कायम बंद असते आणि रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागल्याने सकाळी घसा कोरडा पडतो. तपासणीत पडदा उजवीकडे झुकलेला दिसल्यावर डॉक्टरांनी सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली आहे. मला धुळीची ॲलर्जीही आहे. शस्त्रक्रियेने दोन्ही त्रास जातील का, आणि नाकाचा आकार बदलेल का?

प्रतिसाद १ :
पडदा थोडाफार वाकडा असणे सर्रास आढळते, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आलटूनपालटून चोंदतात. चोंदणे असे बाजू बदलत असेल तर कारण बहुधा आतल्या अस्तराची सूज असते, एकाच बाजूला टिकून असेल तर पडद्याचा संशय बळावतो. ॲलर्जी शस्त्रक्रियेने जात नाही. स्टेरॉइडचा फवारा काही आठवडे नियमित वापरून पाहिला आहे का?

प्रश्नकर्ता :
होय. शिंका कमी झाल्या, पण उजवी बाजू मोकळी झाली नाही.

प्रतिसाद २ :
मग शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे. चीर नाकपुडीच्या आतून घेतात आणि अस्तर अलगद उचलून कूर्चेचा (लवचिक, मऊ हाडाचा) व हाडाचा वाकडा भाग सरळ करतात किंवा काढतात. मात्र नाकाचा आधार टिकावा म्हणून वरच्या व पुढच्या कडेने कूर्चेची किमान १ सेंटिमीटर रुंद पट्टी राखली जाते, त्यामुळे बाहेरचा आकार सहसा बदलत नाही. एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. पडदा उजवीकडे सरकला की डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत टर्बिनेट (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरचा मांसल उंचवटा) अनेकदा फुगलेला असतो, आणि तो तसाच ठेवून पडदा मध्यावर आणला तर डावी बाजू अडू शकते. पडद्याला छिद्र पडण्याचा धोका कमी असला तरी त्याविषयीही स्पष्ट बोलून घ्या.

प्रतिसाद ३ :
शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात सूज आणि खपल्यांमुळे नाक आधीपेक्षा जास्त बंद वाटते. त्याने निराश होऊ नका. डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक जोराने शिंकरू नये आणि सांगितल्याप्रमाणे सलाइनने ते धुवावे. मात्र दोन्ही बाजू अचानक गच्च झाल्या, वेदना वाढत गेली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण अस्तराखाली रक्त साचल्यास कूर्चेचे पोषण तुटते आणि ते रक्त तातडीने काढावे लागते.