फवारणीच्या धोक्याचा नकाशा सगळ्यांसाठी खुला असावा का?

आसनगाव लोकल
मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं भातसा धरणाचं. ते धरणाच्या भिंतीपाशीच पाइपात शिरतं आणि थेट आपल्या नळाला येतं, असा बहुतेकांचा समज. प्रत्यक्षात भातसातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथं ते उपसतात आणि पांजरापूरला शुद्ध करतात. म्हणजे धरण ते पिसे या पट्ट्यातली भातखाचरं, भेंडीचे मळे, वीटभट्ट्या हे सगळं आपल्या पाणलोटात आलं.

माझा मुद्दा असा. या पट्ट्यात कुठलं औषध कुठे मारलं तर ते नदीत किंवा विहिरीत उतरण्याची शक्यता किती, हे सांगणारं एकच सामायिक साधन हवं. कंपनी, कीटकनाशकांची नोंदणी समिती, महापालिका, ग्रामपंचायत, सगळ्यांनी तोच डेटा आणि तीच गणितं वापरायची. आज १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली फरीदाबादला अख्ख्या देशासाठी एकदाच नोंदणी होते. शहापूरची उताराची मुरमाड जमीन आणि परभणीची सपाट काळी जमीन, दोन्हीकडे लेबल एकच.

सामान तर पडलेलं आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचे माती नकाशे, राज्याच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी, हवामान खात्याचा पाऊस, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ, २०२१ पासूनची ई-पीक पाहणी. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची चित्रं तर फुकट मिळतात. सरकारी पैशातून तयार झालेला नकाशा-डेटा सहज उपलब्ध असावा असं २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणातच लिहिलंय. तरीही जो तो आपापलं गोळा करतो, आपापल्या सोयीनं कापतो, आणि दोन अहवाल जुळले नाहीत की भांडण नदीवरून होत नाही, फाइलवरून होतं.

हुज्जत
पिसेची माहिती चांगली, निष्कर्ष घाईचा.

मातीचे नकाशे म्हणता ते बहुतेक जिल्ह्यांत १:२,५०,००० प्रमाणावरचे. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्या नकाशात सखारामचं शेत आणि तुकारामचं शेत एकाच रंगात बुडणार. त्यावर १० मीटरचं उपग्रह चित्र चढवलंत म्हणून माती १० मीटरची होत नाही. दिसतं मात्र तसंच, आणि धोका तिथंच आहे. शिवाय भाताच्या ऐन हंगामात तुमचा सेंटिनेल-२ ढगच बघत बसतो.

नकाशाचा मुख्य थर, म्हणजे लेयर, तर तुमच्या यादीतच नाही: कोणी, कधी, किती मारलं. कॅलिफोर्नियात १९९० पासून शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद द्यावी लागते, एक चौरस मैलाच्या चौकटीपर्यंत. ती नोंद आहे म्हणून तिथल्या नकाशांना अर्थ आहे. आपल्याकडे पीक कळतं, औषध कळत नाही.

द्राक्षबाग
मुलुंडला राहतो, घर निफाड तालुक्यात. नकाशाप्रेमींनी आमची गोष्ट ऐकावी.

२००३ ला युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, बोंबाबोंब झाली, आणि २००६ पासून अपेडाचं, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाचं, ग्रेपनेट आलं. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, नमुना, प्रयोगशाळा, सगळं एका साखळीत. काम झकास चालतं. पण का चालतं? पलीकडे पैसे देणारा ग्राहक आहे म्हणून. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधावरून माल अडला तेव्हा फटका कोणाला बसला? बागायतदाराला. त्याला ते औषध सुचवणारे सगळे शाबूत राहिले.

आता तुम्ही गावागावाचा लाल-पिवळा नकाशा लोकांसमोर टांगणार. पहिली नोटीस कोणाला जाईल? भेंडीवाल्याला. व्यापारी भाव पाडताना काय दाखवेल? तोच नकाशा. उद्या विमावाले आणि बँकवालेही उघडून बघतील. खुलं खुलं म्हणताना खुलं कोणाविरुद्ध, तेही बोला.

आसनगाव लोकल
@हुज्जत, निकाल द्यायला नकाशा नकोच आहे, चाळणी लावायला हवाय. चाळणीला १:२,५०,००० पुरतं.

उदाहरण देतो. औषध झिरपेल का, याचा एक सोपा निर्देशांक आहे, गस्टाफसनचा. औषधाचं मातीतलं अर्धायुष्य (ते निम्मं उरायला लागणारा काळ) आणि ते मातीच्या सेंद्रिय भागाला किती चिकटतं, एवढ्या दोनच गोष्टी लागतात. २.८ च्या वर गेलं तर झिरपणारं, १.८ च्या खाली असेल तर सहसा नाही. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मातीला घट्ट धरून बसतं, त्यामुळे विहिरीत फारसं उतरत नाही. पण पहिल्या जोरदार सरीत माती वाहिली की तिच्याबरोबर ओढ्यात जातं. इमिडाक्लोप्रिड हे दुसरं कीटकनाशक उलटं, पाण्याबरोबर खाली सरकतं. म्हणजे पहिल्यासाठी उतार आणि ओढ्यापासूनचं अंतर बघायचं, दुसऱ्यासाठी मातीची खोली आणि भूजलाची पातळी. एकाच तालुक्यात दोन औषधांचे दोन वेगळे नकाशे निघतील. लेबलवर हे कुठे येतं?

बाजूची खिडकी
कुर्ला-सायनला रुळांलगत पिकणाऱ्या पालकाचा नकाशा कोण काढणार?

आसनगाव लोकल
ते सांडपाण्याचं प्रकरण. वेगळा धागा काढा, मी येतो.

रिटायर्ड विहीर
भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, आता बोरिवलीत असतो. दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

आधी आसनगाव. "तीच गणितं" म्हणालात, पण कुठली? युरोपनं भूजलासाठी नऊ प्रमाण ठिकाणं ठरवली आहेत. हॅम्बुर्ग, पोर्टो, सेव्हिला वगैरे. प्रत्येकाची माती, पाऊस, पिकं ठरलेली. कंपनीनं आपलं औषध संगणकावर त्या नऊ ठिकाणी चालवून दाखवायचं. सामायिक साधन म्हणतात ते याला. वाद घाला, पण सगळ्यांचा वाद एकाच आकड्यांवर. ही पद्धत मला मनापासून आवडते. मात्र त्या नवांत उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळणारी काळी जमीन नाही, आणि शहापूरसारखा चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊसही नाही. भेगेतून पाणी थेट खाली जातं, तेव्हा वरच्या मातीला औषध धरून ठेवायला वेळच मिळत नाही. अर्धायुष्याचं तुमचं गणित तिथं लंगडतं. विदर्भ-मराठवाड्याची दोन, कोकणातल्या जांभ्याचं एक, घाटाखालच्या भातखाचराचं एक, अशी आपली ठिकाणं आधी ठरवा. नाहीतर पोर्टोचा निकाल शहापूरला चिकटवाल.

आता हुज्जतराव. फवारणीची नोंद नाही म्हणून नकाशा नको, हे मला पटत नाही. पाण्याची मोजणी तरी कुठे नीट आहे? निरीक्षण विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर नेमानं मोजतात. पण भातात ब्युटाक्लोर हे तणनाशक मारतात लावणीनंतर तीन-पाच दिवसांत, म्हणजे जुलैत. त्याच आठवड्यात धो धो पाऊस. नदीत काही येणार असेल तर तेव्हाच येणार आणि चार दिवसांत निघूनही जाणार. ऑक्टोबरात बाटली भरली तर पाणी स्वच्छच निघेल, आणि आपण म्हणणार, बघा, काही नाही. कुठे आणि केव्हा बाटली भरायची एवढं जरी नकाशानं सांगितलं तरी त्याचे पैसे वसूल.

बाटलीत काय शोधायचं हाही प्रश्नच. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ब्युटाक्लोरची मर्यादा लिटरला १२५ मायक्रोग्रॅम. युरोपात जवळपास कुठल्याही एका कीटकनाशकाला किंवा तणनाशकाला ०.१. आणि २०१२ च्या आपल्या यादीत इमिडाक्लोप्रिड नाहीच. यादीत नाही म्हणून तपासत नाहीत, तपासत नाहीत म्हणून सापडत नाही.

हुज्जत
काका, तुमचा जुलैचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो बाटलीच्या बाजूनं जातो, नकाशाच्या नाही.

माझी खरी भीती तुम्ही दोघांनीही बाजूला सारलीत. आज पाच खाती पाच नकाशे काढतात आणि पाच प्रकारे चुकतात. त्या चुका एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून निदान शंका तरी येते. उद्या सगळ्यांनी एकच फाइल वापरली आणि तिच्यात तालुक्याची माती चुकीची रंगवलेली असली, तर पाचही अहवाल एकमुखानं चुकतील. त्याला मग "एकवाक्यता" म्हणतील आणि कोर्टात लावतील.

आणि धोका म्हटलं की तुम्हाला नदीच का दिसते? यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कापूस डोक्याएवढा वाढलेला, अंगात साधा सदरा, औषधांचं मिश्रण आणि पाठीवर पंप. मातीचा कुठलाही लेयर ते दाखवत नाही.

आसनगाव लोकल
यवतमाळचं मान्य. ते या साधनाचं काम नाही, तसा दावाही नाही.

सामायिक चुकीबद्दल मात्र उलटं म्हणेन. फाइल कपाटात असली तर चूक पंचवीस वर्षं टिकते. उघडी असली तर शहापूरचा एखादा कृषी सहायक म्हणेल, अहो, इथं मुरूम आहे, तुम्ही काळी माती काय रंगवलीय? दुरुस्ती, तारीख, आवृत्ती, सगळं दिसलं पाहिजे. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, महाविद्यालयातली पोरंसुद्धा चालवतात. खुलेपणा सजावटीसाठी मागत नाहीये, चूक पकडायला माणसं वाढावीत म्हणून मागतोय.

द्राक्षबाग
सहायकानं सांगितलं आणि कोणी ऐकलं, असं झालं तर पेढे वाटू.

बरं, भांडण पुरे, तोडगा सांगतो. फवारणीची नोंद शेतकऱ्याकडून मागाल तर खोटी मिळेल. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार औषध विक्रेत्याला साठ्याचं रजिस्टर ठेवावं लागतं, बिल द्यावं लागतं. त्या विक्रीची महसूल मंडळनिहाय, महिनेवार बेरीज करा आणि तेवढीच नकाशावर टाका. गट क्रमांक नाही, सातबारा नाही, नाव नाही. याला मी हरकत घेणार नाही. गट क्रमांक दिसला त्या दिवशी मी पहिला विरोधात.

हुज्जत
शहापूरचा माणूस औषध पडघ्याला घेतो, नाहीतर कल्याणला. दुकान जिथं तिथंच फवारणी, हे कोणी सांगितलं?

द्राक्षबाग
कोणीच नाही. पण शून्यापेक्षा बरं. आणि जुलैत पडघ्यात ब्युटाक्लोर किती खपलं हे कळलं तर काकांना बाटली भरायचा आठवडा कळेल.

रिटायर्ड विहीर
अगदी. आख्खं राज्य नको, धरण ते पिसे एवढाच पट्टा घ्या. लावणीनंतर चार आठवडे, आठवड्याला दोन नमुने, आणि मोठ्या पावसानंतर लगेच एक जादा. ठिकाणं नकाशानं निवडायची: अर्धी लाल, म्हणजे धोक्याच्या म्हटलेल्या ओढ्यांवर, अर्धी हिरव्या, म्हणजे सुरक्षित म्हटलेल्या. हिरव्यावरची सोडायची नाहीत, नाहीतर नकाशा चुकला हे कधी कळणारच नाही.

हुज्जत
हिरव्यांची अट घातलीत म्हणून विचार करतो. माझीही एक अट. नमुने नकाशाशी जुळले नाहीत तर ते आकडे त्याच खुल्या फाइलमध्ये, त्याच दिवशी चढवायचे. हे पहिली बाटली भरायच्या आधी लिहून ठेवायचं. आसनगाव, कबूल?

आसनगाव लोकल
कबूल. आणि मंडळनिहाय बेरजेच्या खाली जायचं नाही, हेही त्याच कागदावर.