पठारावरच्या घरासाठी घरगुती पवनचक्की: जीपचा अल्टरनेटर चालेल का?

पठारकर
नमस्कार मंडळी. आमचं शेतघर चाळकेवाडीच्या पठारालगत आहे. विजेचा शेवटचा खांब सव्वा किलोमीटरवर, आणि तिथून लाईन ओढायचा खर्च झेपणारा नाही. छपरावर दोन सोलर पॅनल आहेत, पण आषाढ-श्रावणात धुकं बसलं की आठ-आठ दिवस ऊन नाही. वारा मात्र माणसाला उभं राहू देत नाही. समोर कंपन्यांच्या पवनचक्क्या फिरत असतात आणि इकडे आई कंदिलाची काच पुसत असते, हे मला बघवत नाही. जीपचा जुना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, मिळतोय. त्याला पाती लावून चार दिवे, मोबाईल आणि छोटा फ्रिज चालेल का? वेल्डिंग मशीन घरचंच आहे.

वाइंडिंगवाला
जीपचा नको. तो हजार-बाराशे फेऱ्यांच्या आत धड चार्जिंग देत नाही, वर फील्डसाठी, म्हणजे आतला विद्युतचुंबक जागा ठेवायला, बॅटरीतूनच करंट घेतो. पात्यांचं आठ फुटी चक्र मध्यम वाऱ्यात मिनिटाला दोनशे-अडीचशे फेऱ्या घेतं. छताच्या साध्या पंख्याची मोटरही डोक्यात असेल तर सोडा, तिच्यात मुळात चुंबकच नसतो.

कातळवाट
पठारकर भाऊ, मी पाटणच्या बाजूला राहतो. माझ्या चक्कीने तीन पावसाळे काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

स्कॉटलंडमध्ये स्कोरेग नावाची वस्ती आहे, तिथे मोटारीचा रस्ता नाही. तिथे राहणाऱ्या ह्यू पिगट यांनी घरी बनवता येईल अशी जनरेटरची रचना तयार केली आणि जगभर लोक तीच वापरतात. दोन लोखंडी चकत्या, प्रत्येकीवर 12 निओडिमियम चुंबक, मध्ये रेझिनमध्ये ओतलेल्या 9 कॉइल. कॉइलमध्ये लोखंड नसल्याने चक्र अडखळत नाही, हलक्या वाऱ्यातही सुटतं. कॉइल मी ओसरीत बसून लाकडी साच्यावर गुंडाळल्या. चकत्या मात्र हाताने जवळ आणू नका. आट्याचे रॉड लावून, नट अर्धा-अर्धा फेरा सोडत खाली उतरवायच्या, नाहीतर बोट चेचतं.

पाती शिवणीच्या लाकडाची, 2.4 मीटर व्यासाची. आता हिशोब बघा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताकद आठपट होते. माझ्या चक्रात सेकंदाला 5 मीटर वाऱ्याला साधारण 90 वॉट, 3 मीटरला जेमतेम 20. फुकट वाटणारा वारा इथे हात आखडतो, आणि वादळात तोच आठपट अंगावर येतो.

पहिल्या वर्षी मी शेपूट, म्हणजे चक्राचं तोंड वाऱ्याकडे ठेवणारा मागचा पत्रा, सरळ वेल्ड केलं होतं. श्रावणातल्या एका रात्री बॅटरीच्या टर्मिनलची वायर निसटली. चक्रावरचा विजेचा भार सुटला, चक्र मोकाट झालं. आवाज आधी घोंघावणारा, मग शिट्टीसारखा. मी अंगणात पोचेपर्यंत एक पातं मुळातून तुटून गोठ्याच्या पत्र्यात घुसलं होतं. म्हैस दुसऱ्या बाजूला बांधलेली होती म्हणून वाचली. त्या रात्रीपासून सांगतो: वीज किती निघेल हे नंतर विचारा, चक्की थांबणार कशी हे आधी. शेपूट तिरक्या बिजागरीवर बसवा आणि चक्र खांबापासून थोडं बाजूला, म्हणजे वारा वाढला की ते आपोआप तोंड फिरवतं. बॅटरी भरल्यावर वीज जिरवायला हीटरची कॉइल हवीच. आणि तिन्ही फेज, म्हणजे जनरेटरमधून येणाऱ्या तीन वायरी, एकत्र जोडणारा ब्रेक स्विच खाली, हाताशी. पण तो हलक्या वाऱ्यातच टाकायचा, सुसाट चक्राला तो आवरत नाही.

पठारकर
दादा, अंगावर काटा आला. खांब किती उंच? गच्चीवर चालेल?

कातळवाट
गच्चीवर नको. घराला आपटून वारा भोवरे खातो आणि भिंती थरथरतात. शंभर मीटरच्या आतल्या सगळ्यात उंच झाडाच्या वर दहा मीटर, हा माप धरायचा नियम. चार बाजूंनी तारांचे ताण आणि बुडाशी बिजागरी ठेवा, म्हणजे दुरुस्तीला खांब जमिनीवर निजवता येतो. वायर लांब जाणार, तेव्हा 12 व्होल्ट नको, 48 घ्या.

वाइंडिंगवाला
चुंबकांबद्दल एक राहिलं. कोटिंगला खरचटा गेला की धुक्यात ते गंजून फुगतात आणि कॉइलवर घासतात. मी असा जळालेला स्टेटर, म्हणजे कॉइलची चकती, उघडलाय, आतून काळाठिक्कर. रेझिन कडेपर्यंत भरा.

कातळवाट
खरं आहे. आणि फ्रिज, भाऊ, पावसाळ्यात चालेल. दिवाळीच्या सुमारास वारा पडतो, तेव्हा तुमची पॅनलच कामाला येतील, ती काढू नका.

पठारकर
नाही काढत. सुतार शिवणीची फळी बघून ठेवतो म्हणाला. शेपटाची बिजागरी मी आधी बनवतो आणि फोटो इथेच टाकतो. कोन चुकला असेल तर सांगा, वेल्ड त्यानंतरच करेन.