सिनेमा संपल्यावर मुलांना काय विचारावे?

उद्यमनगरी

राजारामपुरीकर यांनी परवा येथे लिहिलेला मजकूर वाचून दोन दिवस गप्प राहून पाहिले, पण राहवले नाही. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेले वर्षभर दर रविवारी हे प्राध्यापक गृहस्थ आपल्या दहा वर्षांच्या मुलीबरोबर घरी एक चित्रपट पाहतात, महत्त्वाचा प्रसंग आला की रिमोटने चित्र थांबवून तो तिला समजावून सांगतात, आणि शेवटी ती मुलगी एका वहीत पाच प्रश्नांची उत्तरे लिहिते. त्या वहीचे छायाचित्रही त्यांनी जोडले आहे आणि खाली लिहिले आहे, ‘हे प्रत्येक पालकाने केलेच पाहिजे.’ माझे भांडण त्या ‘च’शी आहे.

माझे वडील टर्नर होते, लेथ यंत्रावर काम करत. पगार झाला की त्या शनिवारी ते मला येथल्या, कोल्हापुरातल्या, उमा टॉकीजला नेत. तीन तासांत ते माझ्याशी एक अक्षर बोलत नसत. मध्यंतरात शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात ठेवत, तेवढाच काय तो संवाद. परतताना मंगळवार पेठेत शिरेपर्यंत आम्ही मुकाट चालत असू आणि मग मध्येच ते विचारत, “त्या थोरल्या भावाचं चुकलं म्हणतोस?” मी काहीच म्हटलेले नसे. त्या एका प्रश्नावर घराचा उंबरा येईपर्यंत वाद चाले, आणि त्या वादात मी त्यांना “तुमचं खोटं हाय” असे तोंडावर म्हणू शकत असे. हेच वाक्य घरात उच्चारले असते तर कानाखाली बसली असती. चित्रपटातल्या माणसांच्या आडून आम्ही बापलेक एकमेकांशी बोलत होतो, हे मला फार उशिरा, वडील गेल्यानंतर उमगले.

त्यांनी कधी चित्र थांबवले नाही, कारण ते थांबवता येत नव्हते. आज रिमोट हातात आला म्हणून तो दाबलाच पाहिजे असे थोडेच आहे? आणि वही म्हणजे तर परीक्षाच झाली. ताटात वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला ‘यात कोणते जीवनसत्त्व आहे ते सांग’ असे विचारणाऱ्या माणसाच्या पंक्तीला मी बसणार नाही, आणि माझ्या मुलालाही बसवणार नाही.

राजारामपुरीकर

आपण वहीचे छायाचित्र पाहिलेत, वही वाचली नाहीत. तरीही निकाल देऊन मोकळे झालात. पाचपैकी तीन प्रश्न माझी मुलगी स्वतः काढते. मी गुण देत नाही. आपल्या वडिलांविषयी मला आदरच आहे, परंतु ज्या मुलांच्या वडिलांनी परतीच्या वाटेवर काहीच विचारले नाही, अशी मुले आपल्या पिढीत किती होती याचाही विचार व्हावा. माझे वडील काहीच न विचारणाऱ्यांपैकी होते. चित्रपट कसा वाटला असे त्यांनी मला एकदाही विचारले नाही, म्हणून मी विचारतो.

एक अनुभव सांगतो, म्हणजे ‘परीक्षा’ या आरोपाचे उत्तर मिळेल. मार्च महिन्यात आम्ही ‘श्वास’ पाहिला. ‘श्यामची आई’नंतर तब्बल 50 वर्षांनी मराठीला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळवून देणारा तो चित्रपट होता, एवढे मी तिला आधी सांगितले होते. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे त्या पोराला सांगायचे कोणी, या पेचात आजोबा सापडतात. तो प्रसंग जवळ आल्यावर ती घाबरेल असे वाटून मी चित्र थांबवले. ती म्हणाली, “थांबवू नका, मला कळतंय.” शेवटी वहीत पाचव्या प्रश्नाखाली तिने उत्तराऐवजी लिहिले, ‘आजीच्या वेळी मला का सांगितलं नाही?’

माझ्या आईच्या अखेरच्या दोन महिन्यांत आम्ही मुलीला गडहिंग्लजला तिच्या मामाकडे ठेवले होते. आजीला बरे वाटत नाही, इतकेच तिला ठाऊक होते. दीड वर्ष तिने तो प्रश्न मनात ठेवला आणि तो बाहेर आला तो या वहीत. आता मला सांगा, ही परीक्षा कोणाची झाली?

पेन्शनर बाई

दोघांचेही वाचले. वही असावी की नसावी हा वाद आपण खुशाल घाला, पण मुलाला काय दाखवायचे हे आधी ठरवा. 37 वर्षे शाळेत काढल्यावर मला या विषयात बोलण्याचा अधिकार आहे असे मी समजते. पूर्वी ‘यूए’ या प्रमाणपत्राचा अर्थ 12 वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा होता. 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता त्याचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. हा आकडा केवळ पालकांना सूचना म्हणून असतो, दारावर कोणी अडवत नाही. मार्गदर्शन करायचे आहे ते पालकांनी, आणि पालक मात्र शेजारच्या खुर्चीत मोबाइल पाहत बसलेले असतात. मागील महिन्यात माझ्या पुढच्या रांगेत चार वर्षांचे एक मूल मारामारी पाहून आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होते, आणि आई म्हणत होती, “खोटं असतंय ते, गप बघ.” पडद्यावरचे खोटे असले तरी त्याची भीती खरी होती, हे त्या माउलीला कोण सांगणार? शाहू स्मारक भवनात ‘चिल्लर पार्टी’ या बालचित्रपट चळवळीची मंडळी मुलांना निवडून पारखून चित्रपट दाखवतात, तेथे मुले मुलांबरोबर बसतात आणि मोकळी हसतात. कधी कधी आईबापांनी बाहेर थांबणे हेच उत्तम मार्गदर्शन असते.

प्रोजेक्टर खोली

उद्यमनगरी म्हणतात की त्या काळी चित्र थांबवता येत नव्हते. साहेब, ते थांबले की पब्लिक काय करत असे हे मला विचारा. मी 26 वर्षे ऑपरेटर होतो. फिल्म तुटली की पडद्याजवळच्या पिटातून अशा शिट्ट्या आणि अशा शिव्या येत की चिकटवताना हात कापत. मुलांना समजावून सांगण्यासाठी आपण होऊन चित्र थांबवणारे ऑपरेटर जन्माला येतील, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझा मुलगा चित्रपट पाहायला शिकला तो प्रोजेक्टरच्या खोलीत. शाळा सुटली की तो डबा घेऊन येई आणि स्टुलावर उभा राहून भिंतीतल्या काचेच्या झरोक्यातून पाही. आत मशिनची घरघर एवढी की संवाद धड ऐकू येत नसत. कथा तो तोंडांच्या हालचालींवरून जुळवत असे आणि मी त्याला दुरुस्त करत असे. दोन मशिन असत. 2000 फुटांचे रीळ वीसएक मिनिटांत संपते, आणि संपण्याआधी सुमारे आठ सेकंद पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका उमटतो. तो दिसला की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. पुढचा ठिपका आला की चित्र त्या मशिनवर घ्यायचे. तो ठिपका हेरण्याचे काम माझ्या मुलाने स्वतःकडे घेतले होते. “बाबा, ठिपका!” असे तो ओरडे आणि मी हात घालत असे. त्या सेकंदाला आम्ही दोघे मिळून 800 माणसांना फसवत होतो, आणि कोणाला कळतही नव्हते. आज तो पुण्यात नोकरी करतो, डिजिटलमध्ये रीळही नाही आणि ठिपकाही नाही, तरी चित्रपट पाहताना त्याची नजर अजून उजव्या कोपऱ्यात जाते, असे सूनबाई सांगतात.

खरी कॉर्नर

ठिपका डावीकडे असे. मी शेकडो चित्रपट पाहिले आहेत, माझ्या स्पष्ट लक्षात आहे.

प्रोजेक्टर खोली

आपण पडद्याकडे पाठ करून बसत असाल तर डावीकडे दिसत असेल.

खरी कॉर्नर

वयाचा मान ठेवून गप्प बसतो. पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. आमच्या चौकात कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. रोज त्याच्याखालून शाळेच्या रिक्षा जातात आणि आतल्या एकाही पोराला तो कशासाठी उभारला आहे हे सांगता येत नाही. बाबूराव पेंटरांनी येथे देशी कॅमेरा घडवला आणि त्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. 1929 साली ‘प्रभात’ फिल्म कंपनीही येथेच जन्मली आणि 1933 साली पुण्याला गेली. ज्या गावाने देशाला सिनेमा करायला शिकवले त्या गावात आपण मुलांना परदेशी कार्टून लावून देतो आणि वर वह्या भरून घेतो. आधी गावचे दाखवा.

प्रोजेक्टर खोली

‘प्रभात’ पुण्याला गेली याचे दुःख माझ्या वडिलांनाही होते. पण त्या दुःखाचा खुराक पोरांना रोज पाजला तर ती सिनेमाच पाहणार नाहीत. माझ्या मुलाला मी बाबूराव पेंटरांविषयी सांगितले, पण प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या कशा पेटतात हे आधी दाखवले. त्या कांड्या जवळ आणून ठिणगी पाडल्यावर जो पांढरा उजेड पडतो तो पाहून तो म्हणाला होता, “बाबा, सूर्य.” एकदा हे पाहिलेले पोर मग स्वतःहून विचारते की हे पहिल्यांदा कोणी केले.

उद्यमनगरी

मंडळी, ठिपका आणि ‘प्रभात’ यांतून बाहेर या. प्रश्न घरातल्या बापाचा आहे. राजारामपुरीकर, आपला ‘श्वास’चा अनुभव वाचून मी थोडा वेळ थांबलो, हे कबूल करतो. पण आपणच लिहिले आहे की मुलगी म्हणाली, “थांबवू नका.” तिने रिमोटविरुद्ध साक्ष दिली आणि ती साक्ष आपण स्वतःच्या बाजूने सादर केलीत. प्राध्यापकी पेशाचा हा मोठा गुण मानावा लागेल.

राजारामपुरीकर

माझ्या पेशाचा येथे काही संबंध नाही. लेथवर काम करणाऱ्याच्या घरातले मौन तेवढे खोल आणि शिकवणाऱ्याच्या घरातले बोलणे मात्र उथळ, हा आपला समज फारच सोयीचा आहे.

पहाटे पाच

मी या चर्चेतली बहुधा एकमेव ‘मूल’ आहे. वय 23, घर शिवाजी पेठेत. माझ्या वडिलांनी माझ्याशी प्रत्येक चित्रपटावर चर्चा केली, आणि म्हणूनच मी बारावीनंतर त्यांच्याबरोबर चित्रपट पाहणे सोडले.

2016 च्या डिसेंबरात ‘दंगल’ आला. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या गावात कुस्तीचा चित्रपट, तेव्हा अर्धी पेठ थिएटरात होती. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “यातून काय शिकलीस?” मला उत्तर ठाऊक होते, कारण ते नेहमी एकच असे. मी म्हणाले, “चिकाटी.” दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाच वाजता मला धावायला नेण्यात आले. मी कुस्ती खेळत नव्हते, मला चित्रकला आवडत होती. त्या चित्रपटात वडील मुलींचे केस कापायला लावतात आणि मुली रडतात. मला त्या प्रसंगाविषयी बोलायचे होते. वडिलांना मात्र लग्नाचा प्रसंग आवडत असे, ज्यात ती लहान वयाची नवरी म्हणते की तुमचा बाप निदान तुमचा विचार तरी करतो. मी केसांचा विषय काढला की ते लग्नाचा काढत. असे चार महिने चालले. त्या चर्चेत चित्रपटातल्या प्रत्येक माणसाची चूक सापडली, फक्त बापाची सोडून.

वहीतल्या पाच प्रश्नांत एक प्रश्न वडिलांसाठी ठेवा आणि त्याचे उत्तर त्यांनी लिहावे, मग मी वहीच्या बाजूने मत देईन.

पेन्शनर बाई

बाळ, तुझ्या वडिलांनी निदान विचारले तरी. आमच्या वेळी

पहाटे पाच

बाई, हेच ते लग्नाच्या प्रसंगातले वाक्य.

पेन्शनर बाई

बरे. शब्द मागे घेते. अर्धाच लिहिला होता म्हणून सोपे गेले.

उद्यमनगरी

या मुलीचे वाचल्यावर मलाही एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी सांगणार नव्हतो. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. माझ्या वडिलांसारखे आपणही परतीच्या वाटेवर एकच प्रश्न विचारायचा, असे मी ठरवले होते. पाच-सहा चित्रपट झाले. तो “हां”, “भारी होता” यापलीकडे गेला नाही. मग एकदा मोटारसायकलवर मागे बसलेला असताना, कावळा नाक्याच्या सिग्नलला, त्याने माझ्या पाठीमागून विचारले, “पप्पा, तुम्ही कधी कर्ज बुडवलंय का?” चित्रपटातला माणूस कर्जात बुडाला होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या दुकानाचे हप्ते थकले होते आणि ते मी घरात कोणालाही कळू दिले नव्हते, अशी माझी समजूत होती. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजू लागले, आणि मी “घरी बोलू” म्हणालो. घरी बोललो नाही. तेव्हा राजारामपुरीकर, वही हवी की रस्ता हवा या वादात मी आपल्यापेक्षा फार पुढे नाही, एवढे नाइलाजाने लिहून ठेवतो. रिमोटचे मात्र मी काही केल्या मान्य करणार नाही.

राजारामपुरीकर

आपल्या नाइलाजाबद्दल आभारी आहे. येत्या रविवारपासून रिमोट मुलीकडे राहील. चित्र थांबवायचे असेल तर ती थांबवेल. हे मी आपल्या सांगण्यावरून करत नाही, तिच्या आईच्या सांगण्यावरून करतो.

पहाटे पाच

सर, एक विचारायचे राहिले. आजीविषयीच्या त्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिलेत?

राजारामपुरीकर

चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. पुन्हा दोन लिहिल्या. काल रात्री तिने वही मागून घेतली, पान वाचले आणि माझ्याच लाल पेनाने खाली ‘अपूर्ण. पुन्हा लिहा.’ असा शेरा मारून वही माझ्या उशाशी ठेवली.

उद्यमनगरी

म्हणजे गुण देत नव्हता, शेरे मारत होता तर.